वकीलसाहेबांना कोणी नावं ठेवेना

आमच्या घरी आजही निवडणुकीचा निकाल लागायचा असला, की मला स्वयंपाकघरात पाठवतात. दूध उतू चाललंय बघ, पाहुण्यांना भजी कर, असं काहीतरी निमित्त काढतात. पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं. मी काळ्या जिभेची. मी ज्याला ‘पडणार’ म्हणाले तो पडतोच, असा माझ्या माहेरचा, सासरचा आणि आता सुनांचाही पक्का समज आहे. नांदेडला एका पोत्यावर सुरू केलेलं माझं सरकी-पेंडेचं दुकान आज दोन गोदामांचं झालं, तेलगिरणीचे मालक माझ्याशी भाव ठरवायला बसताना आधी पाणी मागून घेतात, पण देशाचा निकाल लागायच्या दिवशी मी कढईपाशी. माझा थोरला भाऊ शिवा लातूरहून मुद्दाम येतो, टीव्हीसमोरची खुर्ची धरतो आणि तिथून ओरडतो, "संगे, तोंड बंद ठेव गं, मोजणी चालू हाय!" मागच्या खेपेला मी खरंच तोंड बंद ठेवलं. भजी तळली, एक शब्द बोलले नाही. तरी त्याचा माणूस पडलाच. तेव्हा शिवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मनात म्हणाली असशील." आता ह्याला काय उत्तर द्यायचं? म्हणून ही बदनामी माझ्या गळ्यात कशी पडली ते एकदा लिहूनच काढते. वाचून झाल्यावर खुशाल मला भजी तळायला सांगावं.

आमचं गाव देवणीपासून चालत जाण्याइतकं. अप्पा, म्हणजे माझे वडील, जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. अंगात बंडी, कपाळाला विभूती आणि खांद्यावर लाल काठाचा मोठा रुमाल. तो रुमाल म्हणजेच त्यांचं दुकान. बैलाचा सौदा कधी तोंडानं होत नसे. घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. वरून दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतात, आत बोटांची मारामारी चाललेली असते. पाची बोटं एकदम मुठीत धरून दाबली, की झालं: तू म्हणतोस तेच खरं, सौदा पक्का. रुमालाखाली काय झालं ते बाहेर बोलायचं नाही, हा बाजाराचा नियम. ही विद्या अप्पांना खरं तर शिवाला द्यायची होती. पण शिवाची बोटं धरली की त्याला गुदगुल्या व्हायच्या. अप्पा दोन बोटं धरायचे आणि हा जमिनीवर लोळून हसायचा. शेवटी वैतागून त्यांनी त्याला शाळेत घातलं आणि संध्याकाळी रुमाल माझ्या हातावर पडायला लागला. दिवेलागणीच्या आधी, अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीवर भाकरी थापत असताना आम्ही बापलेक उंबऱ्यात बसून नसलेले बैल विकायचो. मी भावात उतरत नसे. अप्पा वरून म्हणायचे, "काय उकडायलंय आज," आणि आत माझं बोट पिळायचे. मी म्हणायची, "हाव ना अप्पा, लई," आणि त्यांचा अंगठा मागं वाकवायची.

त्या उंबऱ्यात अप्पांनी मला जी मुख्य गोष्ट शिकवली तिच्यावर मी आजवर जगले. ते म्हणायचे, "संगे, माणसाचं तोंड उलटं वाच. ज्याला बैल घ्यायचाय तो खोड काढतो. शिंगं वाकडी हायती, खांदा उतरलाय, चालताना पाय टाकतो. असं बोलला की समज, गिऱ्हाईक. आन जो म्हणतो, वा वा, काय देखणं जनावर, लक्ष्मी हाय दारातली, त्याला सोड. तो रिकामा हिंडायलाय." मी हे दुकानात हजारदा ताडून पाहिलं आहे. माझ्या सरकीला खडे आहेत, ओल आहे, माप मारता असं म्हणणारा शेवटी पोती भरून नेतो. ‘बाईंचा माल म्हणजे सोनं’ म्हणणारा चहा पिऊन जातो.

ही बदनामी पडली त्या वर्षी दुष्काळ होता, सलग दुसरा. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, पुढच्या साली पडेल. दुसऱ्या वर्षी काही म्हणायचंच बंद झाले. विहिरीत उतरून वाटीनं घागर भरायची, आणि तळाला खरवडणाऱ्या त्या वाटीचा आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. ताटात हुलग्याचं माडगं आणि शेंगांची चटणी. भाजी म्हणजे सणाची गोष्ट. दोनच सालं आधी आमचा नवा जिल्हा झाला होता. लातूर जिल्हा! पाट्या नव्यानं रंगवल्या, शिवाला तिथल्या एका कचेरीत पाणी द्यायची हंगामी नोकरी लागली, आणि तो घरी आला की म्हणायचा, "आमच्या साहेबांच्या टेबलावर दोन पंखे हायती." अव्वा विचारायची, "आन माठात पाणी?" ते मात्र उदगीरकडून टँकरनं यायचं. बाजारात तर सगळे विकणारेच, घेणारा कोणी नाही. वैरण नाही म्हणून लोक चांगली देवणी जातीची जनावरं मिळेल त्या भावाला सोडत होते. बाजारातला दगडी हौद कोरडा पडला होता आणि त्यात कुत्री झोपत होती. अप्पा रुमाल खांद्यावर टाकून जायचे आणि तसाच घडी न मोडलेला रुमाल घेऊन परत यायचे.

पण आमच्या गोठ्यात काजळ्या होता. अदंत, म्हणजे अजून पक्के दात न आलेलं खोंड, अंग दुधासारखं पांढरं आणि डोळ्यांभोवती काळं, काजळ घातल्यासारखं. त्याची आई तो तीन आठवड्यांचा असताना गेली. मी त्याला फडक्याच्या बोळ्यानं दूध पाजलं, पुढं माझ्या वाट्याच्या भाकरीचा कुटका दिला, आणि दुष्काळात तर बाभळीच्या शेंगा गोळा करायला मी मैल मैल हिंडले. माझ्या पायांत मोडलेले काटे काढता काढता अव्वा म्हणायची, "सोयरीक बघायला येणारे लोक तुझे पाय बघून पळून जातील." मी म्हणायची, "जाऊ दे की." काजळ्या माझाच, असं मी धरूनच चालले होते. घरात कोणी तसं म्हटलं नव्हतं, एवढंच.

अशा वेळी दिल्लीची निवडणूक आली. अप्पांचा माणूस म्हणजे वकीलसाहेब. धिप्पाड, गोरे, आवाज असा की लाऊडस्पीकर नसला तरी चालावं. अप्पा त्यांच्या पाठीमागं लागले त्याला कारण तो हौद. प्रचाराच्या पहिल्याच फेरीत वकीलसाहेब बाजारात आले, त्या कोरड्या हौदाच्या काठावर धोतर सावरून बसले आणि म्हणाले, "दिल्लीत पाय ठेवला की माझा पहिला प्रश्न ह्या हौदाचा." अप्पांच्या आयुष्यात कोणी शिकलेला माणूस त्यांच्या शेजारी दगडावर बसला नव्हता. त्या दिवसापासून अप्पा बाजार सोडून प्रचार करू लागले. सायकलला झेंडा लावला. जेवताना, झोपताना, गोठ्यात शेण काढताना वकीलसाहेब. आमच्या हौदासाठी अख्खी दिल्ली उभी राहणार, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि खरं सांगायचं तर माझ्याही होतं. मला मत नव्हतं, वय नव्हतं, पण ते निवडून यावेत असं मलाही मनापासून वाटत होतं. हे मुद्दाम लिहिते आहे. शिवा हे नेमकं विसरतो.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती विहिरीवर. बायका वाटीवाटीनं पाणी भरत बसायच्या, वेळ भरपूर. वकीलसाहेबांचं नाव काढलं की सगळ्या एका सुरात, "माणूस देवच हाय बाई." "किती गोड बोलतो." "अशी माणसं ऱ्हायली न्हाईत आता." आणि दुसऱ्या बाजूचा, आधीपासून निवडून येत असलेला जो माणूस, त्याला मात्र शिव्या. "पाच वर्सांत तोंड दाखवलं न्हाई मेल्यानं." "पान खाऊन बोलतोय, काय कळत न्हाई." "त्याच्या जीपीनं माझी कोंबडी मारली." तास तास खोडी काढत होत्या. मी घागर काखेत घेऊन ऐकत होते आणि माझ्या बोटांना आपोआप रुमाल आठवला. बाजारातही तेच. अप्पांना सगळे म्हणत, "तुमचा वकील म्हंजे लाखात एक." कोणी म्हणेना की त्याचा भाव जास्त आहे, की त्याचे दात दाखवा. गिऱ्हाईक दिसतच नव्हतं. बाजारातले मोठमोठे सौदे नुसत्या नजरेनं ओळखणारे माझे अप्पा ह्या वाहवा ऐकून फुलून जात होते, कारण ह्या वेळी जनावर त्यांचं स्वतःचं होतं.

मतदानाला थोडे दिवस राहिले असताना वकीलसाहेब आमच्या घरी जेवायला आले. अव्वानं आदल्या दिवशीच शेजारून गव्हाचं पीठ उसनं आणून ठेवलं होतं, पण अप्पा म्हणाले, साहेबांना ज्वारीची भाकरीच आवडते. मग ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, ठेचा, आणि कुठून तरी मिळवलेली मेथी. मल्लूमामाही आले होते. हे अव्वाचे थोरले भाऊ, अप्पांसारखेच बाजारातले, मिशा अशा की त्यांच्यावर लिंबू ठेवावं. ते दुसऱ्या बाजूचे, पण फुकट जेवणाला बाजू नसते. साहेब पाटावर बसले, दोन घास खाल्ले, म्हणाले, "वहिनी, अमृत आहे, पण आधीच्या तीन गावांत जेवण झालंय." मग तांब्या मागितला आणि ताटातच, त्या अख्ख्या भाकरीवर, हात धुतले. चांगले खळखळून. अव्वा दाराआडून बघत होती. तिनं पदर तेवढा नीट केला.

बसलेल्या लोकांनी मग वाहवा सुरू केली. एकानं तर साहेबांची चाल देवासारखी आहे म्हटलं. मी ताट उचलायला वाकले होते आणि मला राहवेना. मी म्हणाले, "साहेब, तुमाला कोणीच नावं ठेवंना. तुमी पडणार."

उंबऱ्यावरची मांजरसुद्धा माझ्याकडं बघायला लागली. वकीलसाहेब मोठ्यानं हसले, माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि म्हणाले, "पोरगी गमतीची आहे." जीप धूळ उडवत गेली, आणि मग अप्पांनी मला जी मारली तिला टप्पल म्हणत नाहीत.

"काळ्या जिभेची कुठली! घरात आल्या-गेल्याला असं बोलावं?"

"अप्पा, तुमीच शिकवलं की! जो वा वा करतो तो घेत न्हाई."

"ती बैलाची गोष्ट हाय!"

मल्लूमामा सुपारी कातरत बसले होते. ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "दाजी, पोरीवर कामून चिडता? खरं बोलली तर?"

अप्पांचं डोकं आधीच तापलेलं. रागीटपणा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, माझ्याकडं तो कुठून आला ह्याचा शोध घ्यायची गरज नाही. ते ताडकन उठले. "पडला तर गोठ्यातलं ते खोंड तुमचं, पाव्हणं! घ्या टाळी!"

"आन निवडून आला तर?"

"तर तुमच्या मिशा उतरवायच्या. भर बाजारात."

टाळी झालीसुद्धा. मी ताट हातात घेऊन तशीच उभी. माझा काजळ्या, आणि समोर मिशा! भर दुष्काळातही ज्याच्याकडं लोक वळून बघत होते असं खोंड एकीकडं, आणि दुसरीकडं महिन्याभरात पुन्हा उगवतील असे केस. मी किंचाळले, "अप्पा, मिशीला काय भाव हाय? सौदा तरी नीट करा!" त्यावर मला दुसरी बसली. आज इतक्या वर्षांनी गालाचं दुखणं गेलं, पण तो सौदा आठवला की अजून माझं डोकं फिरतं. उत्तम दलाल रागाच्या भरात मिशीवर खोंड लावतो आणि वर अपशकुनी मी.

निकालाच्या दिवशी शिवा लातूरहून एस.टी.नं आला. फाट्यावरून घरापर्यंत चालत येताना तो इतका हळू येत होता की अव्वानं लांबूनच ओळखलं आणि चुलीतली लाकडं मागं ओढली. पडले होते. नुसते आमच्याकडं नाही, सगळीकडं. रेडिओवर एकामागून एक नावं येत होती आणि अप्पांच्या बाजूचं कोणी येतच नव्हतं. नांदेड गेलं, परभणी गेलं, ज्या गावांची नावं आम्ही कधी ऐकली नव्हती तीही गेली. अप्पा भिंतीकडं तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी माणसं भेटायला आली, मयताला येतात तशी, दारात चपला काढून. सगळे म्हणाले, "असा माणूस पडायला नको होता." मी एकेकाचं तोंड बघत होते. सगळी वाहवा अजून तशीच्या तशी शिल्लक होती, खर्च झालेली नव्हती. जाताना मात्र प्रत्येक जण माझ्याकडं डोळा वाकडा करून बघायचा. गोष्ट पसरली होती. इतका मोठा देश, इतके मतदार, आणि वकीलसाहेब कशानं पडले तर देवणीजवळच्या एका पोरीच्या जिभेनं. शिवानं ते लातूरला कचेरीतही सांगितलं. पुढं माझं लग्न उमरीला झालं तर तिथं माझ्या आधी माझी जीभ पोचली होती.

तिसऱ्या दिवशी अप्पा उठून बसले. मी माडग्याची वाटी पुढं ठेवली. ते म्हणाले, "संगे, सगळा देस एकीकडं आन मी एकीकडं. म्हंजे मी येडा का देस येडा?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मी घाबरले. मी म्हणाले, "येडं कोणी न्हाई अप्पा. तुमी गिऱ्हाईकाला विचारलंच न्हाई, का घेत न्हाईस म्हणून." माझं हे बोलणं तेव्हा मलाही पुरतं कळलेलं नव्हतं. ते कळलं त्याच दुपारी, अव्वाबरोबर राखेनं भांडी घासताना. मी आपली पुटपुटत होते, असे कसे लोक, तोंडावर एक आणि पोटात एक. अव्वानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "मी बी त्येला दिलं न्हाई मत."

माझ्या हातातलं भांडं सुटलं.

"अव्वा! तू तर दोन घरं फिरून पीठ आणलंस त्याच्यासाठी!"

"आणलं की. आन त्यानं काय केलं? अख्ख्या भाकरीवर तांब्याभर पानी ओतलं. मी वाटीनं भरल्यालं पानी." ती ताट घासत राहिली, जसं काही तेच ताट आहे. "हिरीवर सगळ्या बायकांना सांगितलं मी. आदल्या गावांत बी त्यानं असंच केल्यालं, त्यांच्या कानावर आदीच हुतं. तुझ्या बापाला सांगू नकोस. मरून जाईल."

अप्पा आता नाहीत, अव्वाही नाही, म्हणून आज लिहायला हरकत नाही. देशात त्यांची बाजू का पडली ते मला ठाऊक नाही. त्यावर शिवा तास तास बोलतो, त्याला विचारा. आमच्या गावात का पडले ते मला ठाऊक आहे. एकाही बाईनं त्यांना तोंडावर सांगितलं नाही, की साहेब, दुष्काळात भाकरीवर हात धुवू नका. सांगितलं असतं तर त्यांनी कान पकडले असते, माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्याभोवती सगळे असे बसले होते की खोड काढणारा जवळ येऊच नये, आणि आलाच तर त्याला चापट मिळावी. मी दरवेळी निकालाच्या दिवशी हे सांगायला तोंड उघडते आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, तेल तापलंय बघ.

आठवड्याभरानं मल्लूमामा काजळ्याला न्यायला आले. अप्पा आधीपासून दावं सोडून तयार. दिलेल्या शब्दावरून मागं सरकणाऱ्यातले ते नव्हते. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी होते आणि मामांच्या मिशांकडं असं बघत होते की त्या जळून जाव्यात. रात्रभर रडून माझे डोळे काजळ्यासारखेच दिसत होते. मामा गोठ्यात आले, काजळ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा वा! काय देखणं जनावर. लक्ष्मी हाय लक्ष्मी!"

माझे कान टवकारले.

"शिंगं बघा, जशी सोनारानं घडवल्यात. दाजी, असं खोंड अख्ख्या जिल्ह्यात न्हाई."

मी अप्पांकडं बघितलं. त्यांचं लक्ष नव्हतं, ते जमिनीकडं बघत होते. पण माझं रडू तिथंच थांबलं. मामांना काजळ्या नको होता! एकही खोड काढली नव्हती त्यांनी. मग मला सगळं दिसायला लागलं. मामांकडं कडब्याची मोठी गंजी होती. ती उन्हाळ्यात चढ्या भावानं विकायची म्हणून त्यांनी जपून ठेवली होती, स्वतःचे बैलसुद्धा मामीच्या माहेरी नेऊन बांधले होते. बाजारात जनावर विकलं जात नव्हतं. काजळ्याला नेलं, तर तो पावसाळ्यापर्यंत ती गंजी खाणार. आणि नको म्हणावं, तर जिंकलेली पैज सोडली म्हणून बाजार हसणार. बिचारे मामा आशेनं अप्पांच्या तोंडाकडं बघत होते, की दाजी म्हणतील, ‘ऱ्हाऊ द्या पाव्हणं.’ पण अप्पा असं कधीच म्हणणार नव्हते.

मी पुढं झाले आणि दावं मामांच्या हातात दिलं. "न्या मामा, आत्ताच न्या. फकस्त त्याला सरकी लागते हं. आन कडबा कापून द्यावा लागतो, अख्खा खात न्हाई. पानी दोन्ही वक्ताला. रातीचं उठून एकदा टाकावं लागतं, न्हाई तर लई हंबरतो, शेजारी वरडतेत."

"एवढं खातो?" मामा म्हणाले.

"ह्ये तर दुष्काळातलं खाणं हाय. वाढीचं जनावर. तुमच्या गंजीपाशी बांधा, म्हंजे मामीला हेलपाटा नको."

मामीचं नाव काढलं आणि मामांच्या मिशा जरा उतरल्या. त्यांनी खाकरून घेतलं. "दाजी, मी काय म्हनतो, पोरीचा जीव हाय ह्याच्यात…"

"शब्द म्हंजे शब्द," अप्पा म्हणाले.

तेव्हा मी अप्पांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला. "मामा, हात द्या." मामा हसले, पोरीशी कसला सौदा म्हणाले, पण हात पुढं केला. मी रुमाल टाकला. वरून मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, भाचीचं लगीन आज ना उद्या होईलच. तुमी आहेर काय देणार?" मामांचे डोळे लकाकले. जिंकलेलं खोंड भाचीला आहेर म्हणून दिलं, तर पैजही जिंकली आणि गावात नावही झालं. ते तोंड उघडणार तेवढ्यात मी आत त्यांचं एक बोट धरलं आणि वरून म्हणाले, "पर मामाकडचं जनावर नुसत्या दाव्यानं येत नसतं. संगट वैरण येती. मग एक गाडी का दोन?"

"वैरण बी?" मामा ओरडले आणि हात ओढायला लागले. मी सोडला नाही. अर्धी गाडी, असं त्यांनी बोट मोडून सांगितलं. मी दोन बोटं धरली. ते म्हणाले, "लई गार वारं सुटलंय." मी म्हणाले, "हाव मामा," आणि त्यांचा अंगठा मागं वाकवला. अव्वा चुलीपाशी पाठमोरी बसून हसत होती, तिचे खांदे हलताना मला दिसत होते. शेवटी दीड गाडीवर मामांनी माझी पाची बोटं दाबली. मग त्यांनी दावं हातात घेऊन, पैजेची गंमत बघायला गावानं भरलेल्या अंगणात जाहीर केलं, की मल्लूमामानं पैज जिंकली आणि जिंकलेलं खोंड भाचीला आहेर केलं. मिशांना पीळ दिला आणि पोटभर माडगं पिऊन गेले. कडबा दुसऱ्या दिवशी आला. गाडीसोबत मामी आल्या होत्या, त्या काय बोलल्या ते लिहीत नाही.

संध्याकाळी मी काजळ्यापुढं कडबा टाकत होते. अप्पा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. निकालानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी हलत होतं. बाजारात गिऱ्हाईक येतं तसे ते काजळ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "खांदा जरा उतरल्याला वाटतो. डाव्या डोळ्याखाली काळं जास्त हाय."

मी ओळखलं. "घ्यायचाय?"

"बघू. कोणाचं हाय जनावर?"

"माझं. मामानं दिलंय, सगळ्या गावासमोर."

सुट्टीला घरी आलेला शिवा आणि अव्वा मागं येऊन उभे होते. अप्पांनी रुमाल काढला, माझा हात घेतला, वर रुमाल टाकला. "बोल. कितीला?"

मी म्हणाले, "पैसा नको. आदी म्हना, संगीचं बरोबर हुतं."

अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "काळ्या जिभेची कुठली! तुझ्या तोंडानं पडला माझा माणूस!" शिवा खो खो हसला. तेच त्यानं आयुष्यभर लक्षात ठेवलं आणि जगाला सांगितलं. पण आत, रुमालाखाली, अप्पांनी माझी पाची बोटं मुठीत घेतली आणि दाबली. एकदा दाबून सोडली नाहीत, कितीतरी वेळ धरून ठेवली.

काजळ्या मी विकला नाही. आणि त्या मुठीबद्दल कोणाला सांगितलंही नाही, कारण रुमालाखालचं बाहेर बोलायचं नसतं. आज बोलले. शिवा म्हणेल, पुरावा काय? त्या सौद्याला साक्षीदार एकच होता, तो कडबा खात होता.